दार सोडायची चाल

ओट्यापाशी उभी राहून मी भेंडी चिरत होते आणि भिंतीपलीकडून किंगरी वाजली.

शारजात, सातव्या मजल्यावर, फ्रिजच्या मागच्या भिंतीतून! आधी वाटलं, कुणीतरी मोबाइलवर काहीतरी लावलंय. मग घुंगरं ऐकू आली. ती सुराच्या जरा मागं राहत होती आणि मग धावत येऊन त्याला गाठत होती. मोबाइलमध्ये असं होत नाही. सुरी तशीच टाकली, चिकट हात गाउनला पुसले आणि अनवाणीच जाऊन शेजारची बेल दाबली.

दार शेजाऱ्यांच्या वडिलांनी उघडलं. नुकतेच गावाहून व्हिजिट व्हिसावर आले होते, लिफ्टमध्ये एकदा रामराम झाला होता तेवढाच. सत्तरीचे, ताठ, मिशांना तेल लावलेलं. एक हात पाठीमागं लपवलेला.

"काय न्हाई, टीव्ही चालू हुता," ते म्हणाले.

"आबा, टीव्हीला घुंगरं कधीपासून लागली?"

ते हसले नाहीत. पॅसेजमधल्या कॅमेऱ्याकडं एकदा बघितलं, मला आत घेतलं आणि दार लावलं. "पोराला सांगू नगंस बाय. त्याला आवडत न्हाई."

मग पाठीमागचा हात पुढं आला. नारळाची करवंटी, तिच्यावर ताणून बसवलेलं कातडं, बांबूची दांडी, तारा, आणि घोड्याच्या केसांचा गज, त्याला घुंगरं बांधलेली. लहानपणानंतर मी किंगरी जवळून बघितलीच नव्हती. हात लावू का, असं विचारायच्या आधीच मी हात लावला. त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं आणि म्हणाले, "भेंडी हाय व्हय?"

त्यांचा पोरगा म्हणजे आमचे भाऊजी. माझ्या नवऱ्याचे मित्र, मला वहिनी म्हणतात. लांब रुवैसच्या रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर. आठवडाभर तिकडं कॅम्पमध्ये राहायचं आणि शुक्रवारी रात्री घरी यायचं. बायको क्लिनिकमध्ये रिसेप्शनला, तिची ड्यूटी संध्याकाळची. म्हणजे म्हातारा दिवस मावळताना एकटाच. भाऊजी माणूस म्हणून लाखात एक, पण विमानतळावरच त्यांनी आपल्या जोगी बापाकडून शब्द घेतला होता: इथं राहताय तोवर झोळी काढायची नाही, कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. इथं भीक मागणं गुन्हा आहे, खाली बसलेला नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, सरळ पोलिसांना फोन लावेल, व्हिसा खलास होईल. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण आबांनीच मला नंतर सांगितलं. भाऊजी लहानपणी बापाच्या मागून झोळी धरून गावोगाव फिरलेले. सकाळी ज्या दारात झोळी धरली, त्याच घरातलं पोर दुपारी शाळेत शेजारच्या बाकावर. "शाळंत त्यो बोलायचाच न्हाई कुणाशी," आबा म्हणाले आणि मिशीवरनं हात फिरवत बसले.

मला त्या किंगरीतलं एकच हवं होतं. ते सांगते.

मी साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढले. सुगी झाली की सकाळी सकाळी जोगी यायचा. दारात उभा राहून वाजवायचा, काहीबाही राजाराणीचं गायचा. आई सुपात जोंधळे घेऊन बाहेर यायची आणि त्याच्या झोळीत ओतायची. मग तो पाठ फिरवून चालायला लागायचा, आणि चालता चालता एक निराळीच चाल वाजवायचा. ती आधी कधी वाजायची नाही. धान्य झोळीत पडल्यावरच. आई रिकामं सूप कमरेला लावून उभीच. मी तिचा पदर ओढायचे, वेणी घालायची राहिलेली असायची, शाळेची घंटा व्हायला आलेली. "थांब गं, संपू दे की," आई म्हणायची. पण ती संपलेली आम्ही कधी ऐकलीच नाही. जोगी लांब लांब जायचा आणि मधेच कारखान्याचा भोंगा व्हायचा, नाहीतर उसाचा ट्रॅक्टर जायचा. तरी आई थोडा वेळ तशीच थांबायची. मग म्हणायची, "चल, ये, वेणी घालू."

आई गेली तेव्हा मी इथंच होते. तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिचं सूप स्वयंपाकघरात खिळ्याला तसंच टांगलेलं. तेव्हापासून ती चाल आठवायचा प्रयत्न करते आहे. सुरुवातीच्या दोन ओळी येतात, पुढं काही म्हणजे काही नाही. दुबईतल्या अल क्वोजच्या आमच्या कंपनीच्या वेअरहाउसमधून निघून संध्याकाळच्या जाममध्ये अडकले की ह्या दोन ओळी गुणगुणत बसते, आणि तिसरीपाशी पोचले की रडू येतं. शेजारच्या गाडीतला माणूस बघतो. बघू दे. मला आईची फार आठवण येते आणि ती आठवणसुद्धा मला धड पुरी येत नाही, हे माझं दुखणं. आबांचा व्हिसा संपायच्या आत ती चाल शेवटापर्यंत शिकायची, असं मी त्या संध्याकाळीच ठरवून टाकलं.

आबांसमोर त्या दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. त्यांनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"दार सोडायची चाल हाय ती. आदी बाकीचं शीक."

शिकायला वाद्य होतं. माझ्या मुलीचं व्हायोलिन. तिचे क्लास दोन वर्षांपूर्वीच बंद पडले, व्हायोलिन पलंगाखाली धूळ खात पडलेलं. मी ते बाहेर काढलं, हनुवटीखाली धरलं, तर आबा म्हणाले, "असं का धरलंयस? दाढ दुखतीया का?" मग छातीशी धरायला शिकवलं. त्यांना त्या व्हायोलिनमधलं काहीच पसंत नव्हतं, फक्त डबीतली राळ सोडून. ती त्यांनी हुंगली, नखानं खरवडली, स्वतःच्या गजाला लावून बघितली आणि "ही बरी हाय" म्हणत अर्धी तोडून खिशात घातली. विचारलंसुद्धा नाही.

सोमवार ते गुरुवार, शेजारीण ड्यूटीला गेली की आबा माझ्याकडं. एका वेळी एकच ओळ. ती बोटांत बसली नाही तर दुसरी नाही, मग आठवडा गेला तरी चालेल. कागदावर काही लिहून घ्यायला लागले की त्यांचं डोकं फिरायचं. "लिवून काय करतीस? वाजिव!" मीही काही कमी नाही. दिवसभर ऑफिसमध्ये लोकांवर ओरडून आलेली असायचे, त्यात हे ओरडणार. एकदा मी गज टेबलावर आपटला आणि म्हटलं, "नाही येत मला, जा!" तर ते खरंच उठले, दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "चा तरी कर." चहा झाला, पुन्हा बसलो.

मुलगी तिच्या खोलीतून ओरडायची, "मम्मा, प्लीज! इट साउंड्स लाइक समबडी इज क्राइंग!"

"काय म्हणतीया?" आबा विचारायचे.

"कुणीतरी रडतंय असं वाटतं म्हणते."

"मग बराबर वाजतंय," ते म्हणायचे.

पहाटेची चाल आली. दारात हाक घालायची चाल आली. गोष्ट सांगताना मागं धरायची ओळ आली. व्हिसा एकदा वाढवून झाला होता, तो पुन्हा वाढणार नव्हता. आणि दार सोडायच्या चालीचं नाव काढलं की आबा तोंड मिटून बसायचे.

शेवटी मी हट्टालाच पेटले, तेव्हा त्यांनी काय ते सांगितलं. ती चाल घरात बसून वाजवत नाहीत. शिकवतानासुद्धा नाही. बसून वाजवली तर वाजवणाऱ्याचंच घर सुटतं. दारात उभं राहायचं, झोळी पुढं करायची, तिच्यात धान्य पडलं की वळायचं, आणि मग ती वाजते, चालता चालता. शिकणारा मागून झोळी धरून चालतो. आबांच्या बापानं आबांना तशीच दिली, आणि बापाला त्याच्या बापानं.

"आन् मी झोळी काडायची न्हाई म्हणून शबूद दिलाया," ते म्हणाले. "तवा सोड तो नाद."

नाद सोडेन तर मी कसली! ऑफिसमध्ये अडलेल्या कामातनं वाट काढण्यासाठीच मला पगार मिळतो. मी विचार केला, धान्य पडायला हवं ना? आपण घालू. झोळी त्यांनी काढायलाच नको. दुकानातून शाळूचं पाकीट आणलं, चांगला टपोरा पांढरा. दुसऱ्या दिवशी आबा दारात आले, किंगरी उपरण्यात गुंडाळून दोन्ही हातांत धरलेली. मी त्यांना उंबऱ्यापलीकडंच थांबवलं. केकचं मैद्याचं माप असतं ना माझ्याकडं, ते शाळूनं भरलं, वरून बोटानं सपाट केलं आणि त्या उपरण्यात ओतलं.

"पडलं धान्य. आता वाजवा," मी म्हटलं. स्वतःवर भारी खूश होते मी.

आबांचा चेहरा असा उतरला की मला कळेना काय झालं.

"मी मागितलं हुतं का तुला?" ते म्हणाले. "हाक न्हाई घातली, झोळी न्हाई पसरली. आन् तू घातलंस. मापानं. वरनं बोट फिरवून. आता तू घालणारी झालीस बाय. घालणारीनं ऐकायचं असतं. शिकायचं न्हाई."

"मग परत द्या मला ते."

"पडल्यालं परत देत न्हाईत."

आणि उपरणं तसंच छातीशी धरून, शाळूसकट, ते आपल्या दारात शिरले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. मी बेल वाजवली, तर आतून "झोपलोय" म्हणाले. भर संध्याकाळी! मी चिडले, मग शरमले, मग पुन्हा चिडले. नवरा म्हणाला, "एका पाकिटापायी गुरू घालवलास." मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. ओट्यापाशी उभी राहिले की कान भिंतीला. भिंत गप्प. आबा भिंतीपलीकडं असतानाच मला त्यांची आठवण यायला लागली. ते इथं आहेत, चाल त्यांच्यापाशी आहे, मधे फक्त एक विटांची भिंत आहे, आणि शनिवारचं त्यांचं विमान आहे. आईच्या वेळी निदान समुद्र तरी मधे होता.

शुक्रवारी रात्री भाऊजी रुवैसहून आले. पॅसेजमध्ये बॅगा ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं आता.

शनिवारी सकाळी, नीट उजाडलंही नव्हतं, आमची बेल वाजली. दारात आबा. डोक्याला भगवा फेटा, अंगात पांढरी बंडी, कपाळाला भस्म, छातीशी किंगरी. खांद्यावर भगव्या कापडाची झोळी. इतके दिवस ती त्यांच्या उशीत होती म्हणे.

"चल. झोळी धरली की घालणारी ऱ्हात न्हाईस. धर," असं म्हणून त्यांनी झोळी माझ्या हातात दिली.

"आबा, तुमचा शब्द?"

"हितं राहतुय तवर, असा शबूद हुता. बॅगा भरल्या, मी आता हितं राहत न्हाई. चल."

मी गाउनवर, केस विस्कटलेले. ओढणी तेवढी ओढून घेतली. वर कॅमेरा, खाली नातूर. मुलगी डोळे चोळत मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मा, बेगिंग इज इल्लीगल हिअर. लाइक, सीरियसली."

"गप्प बस," मी म्हटलं.

भाऊजींचं दार पॅसेजच्या टोकाला, त्याच्या अलीकडं माझं, मग लिफ्ट. आबा माझं दार सोडून पुढं गेले आणि आपल्याच पोराच्या दारासमोर उभे राहिले. मी त्यांच्या मागं, झोळीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून. त्यांनी हाक घालायची चाल धरली. ह्या बंद पॅसेजमध्ये ती एवढी मोठी झाली की मला धडकीच भरली. सगळ्या मजल्यावरची दारं उघडतील असं वाटलं.

एकच उघडलं.

भाऊजी आंघोळ करून, विमानतळावर सोडायला निघायच्या कपड्यांत होते. आधी बापाकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या झोळीकडं. झोळीवरून त्यांची नजर हलेना. आबा थांबले नाहीत, वाजवत राहिले. भाऊजी आत गेले. दार उघडंच राहिलं. मी मनात म्हटलं, आता हे दार लावून घेणार, आणि हा म्हातारा लावलेल्या दाराला पाठ करून गावी जाणार.

भाऊजी परत आले ते अनवाणी. चपला आत काढून आलेले. दोन्ही हातांची ओंजळ भरलेली. मी दिलेलाच शाळू होता तो. त्यांनी तो झोळीत सोडला, हळूहळू, दाणा बाहेर न जाऊ देता. ज्यानं स्वतः झोळी धरलेली असते तोच असं घालतो. मग वाकून त्यांनी बापाच्या पायावर डोकं ठेवलं. झोळी माझ्या हातात एकदम जड झाली.

आबा वळले आणि ती चाल सुरू झाली.

पहिल्या दोन ओळी माझ्याच होत्या. मग तिसरी आली. अगं बाई, तिसरी अशी होती होय! खाली उतरत असेल असं समजून मी इतकी वर्षं ती शोधत होते. ती वर जाते, तिथं जरा थांबते, मग हळूच उतरते. मी झोळी धरून मागून चालत होते आणि डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मागं वळून बघायचं नसतं, हे आबांनी आधीच बजावलं होतं. भाऊजी मागं दारात उभे होते, एवढं मला न बघताही कळत होतं.

पॅसेज तो केवढासा. चाल संपत आली तेव्हा आम्ही माझ्या दारापाशी होतो, आणि तेव्हा मला तिचा शेवट कळला. तिला शेवट असा नाहीच. शेवटचा सूर म्हणजे हाक घालायच्या चालीचा पहिला सूर. पुढच्या दाराशी पोचल्यावरच तो लागतो. म्हणून मागच्या दारातल्या माणसाला तो कधी ऐकू येत नाही. आई रिकामं सूप घेऊन कितीही वेळ उभी राहिली असती, तरी तिला तो ऐकू आला नसता.

आणि माझ्या दारात माझी पोरगी उभी होती. शाळेच्या वर्गातसुद्धा अशी ताठ उभी राहत नसेल. तो सूर लागल्यावर ती आत धावली आणि मैद्याचं माप घेऊन आली. पाकिटात उरलेला शाळू त्यात शिगोशीग भरलेला, वरून सांडत होता. बोट फिरवायचं तिला सुचलं नव्हतं.

"डू आय जस्ट पोअर इट?" तिनं विचारलं.

"घाल," मी म्हटलं. माझ्याच दारात, झोळी पुढं करून.

तिनं घातला. आबांनी तिच्याकडं बघून मान डोलावली आणि पाठ फिरवली. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. ते वाजवतच होते. दार बंद होताना मला ती तिथं उभी दिसली, रिकामं माप हातात घेऊन. मग लिफ्ट खाली निघाली.

पार्किंगमध्ये नातूर खुर्चीतून उठून उभा राहिला आणि बाजूला सरकला. आबा भाऊजींच्या गाडीपाशी थांबले. शेवटच्या सुराआधी त्यांनी गज उचलून घेतला.

"हितं फुडं दार न्हाई," ते म्हणाले. "त्यो सूर आता गावाकडं लागंल." मग माझ्या हातातली झोळी नीट केली, दाणे फेट्याच्या पदरात काढून घेतले आणि रिकामी झोळी मलाच परत दिली. "तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. मला दुसरी हाय." खोटं बोलत होते. दुसरी नव्हती, हे मला नंतर भाऊजींकडून कळलं. बॅगा घेऊन भाऊजी खाली आले, गाडी निघाली. मी फाटकापर्यंत मागं धावले, गाउनवरच. इतकं रडले की नातूरानं पाण्याची बाटली आणून दिली.

वर आले तेव्हा दार अजून उघडंच होतं. मुलगी होती तिथंच उभी, हातात माप तसंच.

"मम्मा, लिफ्ट बंद झाल्यावर मला काही ऐकू नाही आलं," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, हे तिच्याही लक्षात आलं नसावं. "हाउ डझ इट एंड?"

मी सांगू शकले असते. नुसतं तोंडानं गुणगुणून दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण मी आत गेले, व्हायोलिन घेतलं, छातीशी धरलं आणि बाहेर आले. तिच्या हातातलं माप काढून घेतलं आणि झोळी दिली.

"धर," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी. आणि माझ्या मागून चल."